चासकमानची शकुंतला, राजगीरच्या ताई माँ

चाकणहून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर गाठले आणि तेथून भीमाशंकरच्या दिशेला वळले, की भीमेच्या खोऱ्यात चासकमानचा परिसर लागतो. आज हे नाव धरणामुळे परिचित आहे. खेड व शिरूर तालुक्यांतील शेतीला त्या धरणाचे पाणी मिळते. याच चासकमानमध्ये २६ जानेवारी १९३७ रोजी माणिकचंद व प्रेमकुंवर कटारिया या दांपत्याच्या पोटी शकुंतला नावाची कन्या जन्मास आली. पुढे जैन समाजाने तिला आचार्य चंदनाजी या नावाने ओळखले आणि भारत सरकारने २०२२ साली पद्मश्री देऊन तिचा गौरव केला. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण येथील आपल्या अनेक व्यापारी घरांची मुळे खेड, मावळ, जुन्नर याच तालुक्यांतील बाजारगावांत आहेत. म्हणजे नात्याने नसल्या तरी शेजाराने चंदनाजी आपल्याच घरच्या.

शकुंतलेचे शालेय शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत झाले. आईच्या वडिलांच्या प्रेरणेने तिने साध्वी सुमतिकुंवरजी यांच्याजवळ वयाच्या चौदाव्या वर्षी दीक्षा घेतली. इतक्या कोवळ्या वयातील दीक्षेविषयी आज मतभेद होतात, आणि ते होणे मला योग्यच वाटते. परंतु या मुलीच्या बाबतीत एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्या काळी आपल्या घरांतील मुलीला तिसरी-चौथीनंतर पुस्तक मिळणे दुर्मीळ असे. तिला ते साध्वीवेशात मिळाले. बारा वर्षे मौन धारण करून तिने आगमांचा आणि अन्य दर्शनांचा अभ्यास केला. पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा मंडळाची परीक्षा झाली, पुढे दर्शनाचार्य ही पदवीही मिळाली. उत्तराध्ययन सूत्राचे त्यांनी केलेले हिंदी संपादन व अनुवाद आजही अभ्यासक वापरतात. तिसरी शिकलेल्या मुलीचे हे काम आहे, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी विदुषी साध्वी म्हणून त्यांचे नाव राहिले असते. व्याख्याने झाली असती, चातुर्मास झाले असते. परंतु उपाध्याय अमरमुनीजींच्या विचारांनी त्यांना दुसरी वाट दाखवली. भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण वर्षाच्या सुमारास, १९७३-७४ मध्ये, बिहारमधील राजगीर येथे वैभारगिरीच्या पायथ्याशी ‘वीरायतन’ उभे राहिले. ज्या भूमीत भगवंतांनी चौदा चातुर्मास केले, ती भूमी त्या वेळी दारिद्र्याने आणि निरक्षरतेने ग्रासलेली होती. तीर्थयात्रेला आपण जातो, पाचही टेकड्या चढतो, पूजा करतो, धर्मशाळेत राहून परत येतो. पायथ्याच्या गावातील म्हाताऱ्याला मोतीबिंदूमुळे दिसत नाही, इकडे आपले लक्ष जात नाही. चंदनाजींचे गेले. ‘नेत्रज्योती सेवा मंदिरम्’ या रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया विनामूल्य होऊ लागल्या. सेवा, शिक्षा आणि साधना ही वीरायतनची त्रिसूत्री. त्यात सेवा पहिली आहे.

माझे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे अशा कामाकडे पाहताना एक प्रश्न सवयीने मनात येतो. इमारतीसाठी देणगी मिळवणे तुलनेने सोपे असते. कोनशिलेवर नाव येते, फोटो निघतो. अवघड असतो तो आवर्ती खर्च. औषधे, डॉक्टरांचे पगार, विजेचे बिल, शाळेच्या छपराची डागडुजी यांवर कोणाचेही नाव कोरता येत नाही. कितीतरी न्यासांच्या खात्यांत उद्घाटनानंतरचे वर्ष सर्वांत कोरडे गेलेले मी पाहिले आहे. वीरायतनचे काम अर्धशतक चालले आणि राजगीरपासून लछुवाड, पावापुरी, कच्छपर्यंत पसरले. साध्वींनी उद्घाटनाचे पाहुणे होऊन न परतता तेथेच मुक्काम केला, हे त्यामागचे एक कारण असावे.

याच मुक्कामावरून वाद झाला. तो झाकण्यात अर्थ नाही. स्थानकवासी परंपरेत साधू-साध्वी वाहन वापरत नाहीत, पायी विहार करतात, संस्था व पैशाच्या व्यवहारापासून दूर राहतात. चंदनाजी आणि त्यांच्या साध्वी वाहनातून गेल्या, विमानाने परदेशी गेल्या, रुग्णालये आणि शाळा चालवू लागल्या. अनेक श्रावकांना ते खटकले. त्यांचा आक्षेप क्षुल्लक नव्हता. ईर्या समिती म्हणजे पावलाखालच्या सूक्ष्म जीवाचीही काळजी. वाहन आले की ती काळजी सुटते. साधुपणाला एकदा सवलत दिली की ती कोठे थांबेल, ही भीतीही खरी आहे. तरीही माझे मत चंदनाजींच्या बाजूने झुकते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. योगायोग असा की त्याच दिवशी त्यांना चौसष्ट वर्षे पूर्ण झाली. राजगीरहून कच्छला पायी निघायचे, तर पोहोचायला कित्येक महिने लागले असते. वीरायतनच्या साध्वी तेथे गेल्या, उघड्यावर पडलेल्या मुलांसाठी तात्पुरत्या शाळा सुरू केल्या, आणि त्यांतून पुढे जखणिया येथे शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. पावलाखालचा जीव आणि ढिगाऱ्याखालचा जीव यांत कोणता आधी, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. ज्यांना त्यांचे उत्तर पटत नाही, त्यांनाही प्रश्न टाळता येणार नाही.

दुसरा वाद पदाचा. नवकार मंत्रात तिसरे वंदन आचार्यांना आहे. २६ जानेवारी १९८७ रोजी अमरमुनीजींनी ते पद चंदनाजींना दिले. जैन परंपरेत आचार्यपद लाभलेल्या त्या पहिल्या साध्वी मानल्या जातात. या घटनेचे वजन कळण्यासाठी आपली रीत आठवावी: शंभर वर्षे दीक्षापर्याय असलेली साध्वीही आज दीक्षित झालेल्या साधूला वंदन करते. दुसरीकडे, परंपरेनुसार भगवंतांच्या संघात चौदा हजार साधू आणि छत्तीस हजार साध्वी होत्या. त्या छत्तीस हजारांच्या प्रमुख होत्या चंदनबाला, कौशांबीच्या बाजारात विकली गेलेली, बेड्या पडलेल्या पायांनी उंबऱ्यात उभी राहून सुपातले उडीद भगवंतांना देणारी. आजही आपल्या संघात साध्वींची संख्या साधूंपेक्षा कितीतरी अधिक आहे. अठ्ठाई असो, वर्षीतप असो, पारण्याच्या मिरवणुकीत बहुसंख्य चेहरे श्राविकांचेच असतात. संघाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत मात्र त्या चहा-नाश्त्याच्या व्यवस्थेपुरत्या दिसतात. दुकानाचा गल्ला, घरातील लग्ने, सासूसासऱ्यांचे आजारपण हे सारे सांभाळून सत्तरी गाठलेल्या श्राविका आपल्याकडे घरोघरी आहेत. व्यवहार त्यांना कळत नाही, असे त्यांच्या मुलांनाही म्हणता येणार नाही.

चंदनाजींच्या हातात कलाही होती. राजगीरच्या ‘श्री ब्राह्मी कला मंदिरम्’मध्ये तीर्थंकरांचे जीवनप्रसंग सांगणारे देखावे आहेत, त्यांची कल्पना आणि बरीचशी घडण त्यांचीच. संग्रहालयाला नाव दिले ते ब्राह्मीचे, ऋषभदेवांच्या कन्येचे. लिपी प्रथम तिला शिकवली गेली, असे आपण मानतो.

एप्रिल २०२५ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. पदवीने त्या आचार्य, परंतु वीरायतनच्या परिवारात त्यांना ‘ताई माँ’ म्हणत. चौदाव्या वर्षी घर सोडलेल्या मुलीला हाक मात्र घरातलीच मिळाली. त्यातला ‘ताई’ हा शब्द आपल्या खेड तालुक्याकडचा. त्याला ‘माँ’ जोडले गेले ते तिकडे, वैभारगिरीच्या पायथ्याशी.