घाणेरीच्या गुच्छात इतके रंग कुठून आले?

काय रे पोट्टेहो, चिमूरहून ताडोबाच्या कोलारा गेटकडे जाताना शेताच्या धुऱ्यावर आणि रस्त्याच्या कडेला माजलेली ती काटेरी झुडपं पाहिली आहेत ना? खरखरीत पान, चुरगळलं की उग्र वास आणि इवल्या इवल्या फुलांचे गोल गुच्छ. कोणी तिला घाणेरी म्हणतं, कोणी टणटणी, कोणी रायमुनिया. तिच्याकडे कौतुकानं कुणीच बघत नाही. आज आपण बघू या, पण जाळीत शिरून नाही हं! तशा दाट जाळीत रानडुक्कर बसतं, कधी वाघही बसतो. शाळेच्या कुंपणाशी एखादं झुडूप असेल तर उत्तम.

गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची केशरी किंवा गुलाबी दिसतील. मग झाडाला दोन रंगांची फुलं येतात का? छे! कडेची फुलं आधी उमलतात, म्हणजे ती वयानं मोठी. आज उमललेलं पिवळं फूल उद्यापरवा रंग बदलतं. ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्युलर या निसर्गशास्त्रज्ञांनी 1877 साली हे लिहून ठेवलं होतं. त्यांच्याकडच्या झुडपाची फुलं पहिल्या दिवशी पिवळी, दुसऱ्या दिवशी केशरी आणि तिसऱ्या दिवशी जांभळी होत. जांभळ्या फुलाला एकही फुलपाखरू तोंड लावत नव्हतं. काही फुलपाखरं तर फक्त पिवळ्यांवरच बसत.

पिवळा रंग म्हणजे ‘दुकान उघडं आहे’ अशी पाटी. आत मध आहे, या! परागकण पोचले की फुलात दुसरं रंगद्रव्य तयार व्हायला लागतं आणि पाटी बदलते. पण मग रिकामी फुलं झाड गाळून का टाकत नाही? कारण मोठा, भरगच्च गुच्छ लांबून दिसतो. गिऱ्हाईक जवळ आलं की पिवळं फूल कुठलं, हे त्याचं तेच ओळखतं. दिल्ली विद्यापीठात गीता माथूर आणि एच. वाय. मोहन राम यांनी 1970च्या दशकात दाखवलं, की डोळ्यांना जेमतेम दिसणारे फुलकिडेसुद्धा या पिवळ्या फुलांकडे ओढले जातात. एका गुच्छाला दोरा बांधून ठेवा आणि रोज सकाळी रंग लिहा. फळं मात्र तोंडात घालू नका. हिरवी फळं विषारी असतात, आणि पाला खाल्ला तर गुरंही आजारी पडतात.

एका गुच्छातले रंग वयाचे, हे कळलं. पण एक झुडूप पिवळं-केशरी आणि त्याच्या शेजारचं पिवळट-गुलाबी, हे कसं? हा फरक वयाचा नाही, जनुकांचा.

घाणेरी मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. तिथून ती युरोपातल्या बागांत गेली. हौशी माळ्यांनी निरनिराळी झुडपं शेजारी शेजारी लावली, त्यांचे संकर झाले, काही माणसांनी घडवले, काही किड्या-फुलपाखरांनी. आज तिचे साडेसहाशेहून अधिक प्रकार सांगतात. 1807-09च्या सुमारास शोभेचं झाड म्हणून ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली, आणि काळी फळं खाणाऱ्या बुलबुलांनी तिच्या बिया रानोमाळ नेल्या. आता देशात वाघ राहतात त्या क्षेत्रापैकी सुमारे 40 टक्के भागात ती पसरली आहे. बागेतली पाहुणी केवढी माजली बघा!

आता गंमत. गुलाबी आणि केशरी झुडपं एकमेकांना खेटून वाढली, म्हणजे त्यांची सरमिसळ होत असणार, असंच कुणालाही वाटेल. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमधल्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या झुडपांचे डीएनए तपासले, तर निघालं भलतंच. नातं गावावर नव्हे, फुलाच्या रंगावर ठरत होतं! म्हणजे एका रंगाच्या झुडपाची सख्खी भावंडं शेकडो किलोमीटर लांबच्या जंगलात सापडतील, आणि शेजारचं वेगळ्या रंगाचं झुडूप मात्र परकं असेल. कारण ही फुलं बहुतेक वेळा स्वतःच्याच परागकणांवर बी धरतात. फुलपाखरांसाठी एवढा थाट मांडायचा आणि काम घरच्या घरीच उरकायचं, याला काय म्हणावं! मला तरी हे कोडं वाघापेक्षा भारी वाटतं. नव्या रानात एकटंच बी पडलं तरी जोडीदाराची वाट बघावी लागत नाही, हा मात्र त्यातला मोठा फायदा.

संकर अजिबात होत नाही असं नाही. घाणेरीच्या पेशींत गुणसूत्रांचे 11-11चे संच असतात. कुठल्या झुडपात 22 गुणसूत्रं, कुठल्यात 44. अशा दोघांचा संकर झाला की पिल्लाला 33 मिळतात, म्हणजे तीन संच. तिघांच्या जोड्या कशा लावणार? म्हणून अशा झुडपाला फुलं भरपूर येतात, पण बी सहसा धरत नाही, म्हणजे बियांनी रानोमाळ पसरायची भीतीही कमी. नर्सरीतून रंगीत घाणेरी आणायची झाली, तर नर्सरीवाल्या काकांना आधी विचारा, “काका, याला काळी फळं लागतात का?” ते “हो” म्हणाले, तर दुसरं झाड दाखवायला सांगा.