नोकरीचे आमिष आणि अचौर्याचे भान

पदवीचा निकाल लागला की घराघरांत नोकरीचा विषय सुरू होतो. पूर्वी सांगली, जयसिंगपूर किंवा इचलकरंजीच्या एखाद्या पेढीवर मुलाला ठेवायचे झाले, तर मालक मुलाची चौकशी करी आणि मुलाचे वडील मालकाची. दोहोंच्या ओळखीचा कोणी मध्यस्थ असे आणि त्याच्या शब्दाला किंमत असे. आज नोकरीचे बोलावणे थेट मोबाईलवर येते. देणारा दिसत नाही, त्याची पेढी दिसत नाही. समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर एखाद्या परिचिताने तो संदेश पुढे पाठवलेला असेल, तर परिचितावरचा विश्वास नकळत त्या अनोळखी मालकाच्या पदरात पडतो. फसवणुकीला तेवढी फट पुरते.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने गुंतवणूक आणि अर्धवेळ नोकरीच्या नावाखाली फसवणूक करणारी शंभरहून अधिक संकेतस्थळे बंद केली. निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण हे या टोळ्यांचे मुख्य लक्ष्य असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. म्हणजे हा धोका केवळ नवख्या मुलांपुरता नाही. दुपारच्या फावल्या वेळात घराला हातभार लावू पाहणारी गृहिणी आणि निवृत्तीनंतर काम शोधणारे आजोबाही त्याच्या टप्प्यात येतात.

अशा संदेशांची पहिली खूण म्हणजे निवडीतील सुलभता. अर्ज केलेला नसताना निवड होते, मुलाखत होतच नाही किंवा केवळ टेलिग्रामवरील लेखी संभाषणात उरकते. कामाचे स्वरूप विचारले तर उत्तर मोघम, पगाराचा आकडा मात्र ठळक. जो मालक खरोखर पगार देणार आहे, तो माणूस पारखून घेतो. ज्याला पारख करावीशी वाटत नाही, त्याला कामाचा माणूस नको असतो.

दुसरी खूण सर्वांत स्पष्ट. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, गणवेश, पोलीस पडताळणी अशा नावांनी आधी पैसे मागितले जातात आणि ‘ही रक्कम परत मिळेल’ असे आश्वासन दिले जाते. नोकरीत पैसा मालकाकडून नोकराकडे जातो. तो उलट वाहू लागला की तेथेच थांबावे.

तिसरी खूण कागदपत्रांत सापडते. नेमणूकपत्रावर प्रसिद्ध कंपनीचे बोधचिन्ह असते. पण ईमेल कंपनीच्या पत्त्यावरून न येता एखाद्या मोफत खात्यावरून येतो, किंवा कंपनीच्या नावातील एखादे अक्षर बदललेले असते. अशा वेळी पत्रावरील क्रमांकावर फोन करून खात्री होत नाही. तो क्रमांकही त्यांचाच असतो. कंपनीचे अधिकृत संकेतस्थळ स्वतः शोधून तेथील क्रमांकावर विचारावे.

‘घरबसल्या काम’ या प्रकाराची रीत थोडी निराळी आहे. व्हिडिओला पसंती द्या, हॉटेलला गुण द्या, असे क्षुल्लक काम देऊन पहिल्या दिवशी शे-दोनशे रुपये खरोखर जमा केले जातात. विश्वास बसला की मोठ्या कामासाठी आधी रक्कम भरायला सांगतात. पडद्यावर नफा वाढताना दिसतो, पण तो काढायला गेल्यास कर किंवा दंडाच्या नावाने आणखी मागणी येते. माहिती भरण्याच्या कामात चुका दाखवून, करार मोडल्याबद्दल वकिलाची बनावट नोटीस पाठवण्याचाही प्रकार चालतो. कोर्टकचेरीच्या आणि बदनामीच्या भीतीने सभ्य माणूस पैसे भरून मोकळा होतो.

यापेक्षाही गंभीर धोका एका साध्या प्रस्तावात दडलेला असतो : ‘आमच्या ग्राहकांचे पैसे तुमच्या खात्यात येतील, ते पुढे पाठवा आणि कमिशन ठेवा.’ येथे काम करणाऱ्याचा एक रुपयाही जात नाही, म्हणून संशय येत नाही. परंतु तो पैसा दुसऱ्या कोणा फसलेल्या कुटुंबाचा असतो. तपास सुरू झाला की खाते गोठते आणि पोलीस प्रथम खातेदाराच्या दारी येतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे, याचा स्पष्ट समावेश आहे. स्वतः चोरी न करणे एवढ्यावर श्रावकाचे व्रत पूर्ण होत नाही. हाती आलेले धन कोठून आले, हे विचारणे हाही त्या व्रताचाच भाग आहे. बँकेचे खाते, एटीएम कार्ड किंवा सिमकार्ड भाड्याने देणे या कसोटीवर कधीच उतरत नाही.

परदेशातील नोकरीच्या आमिषाने तर माणूसच अडकतो. थायलंडमध्ये संगणकाचे काम सांगून तरुणांना म्यानमारमध्ये नेले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला होता. मार्च २०२५ मध्ये तेथील सायबर गुन्ह्यांच्या केंद्रांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मायदेशी आणावे लागले. इतरांना फसवण्याचे काम त्यांच्याकडून सक्तीने करून घेतले जात होते. म्हणून परदेशी पाठवणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहावे. पर्यटक व्हिसावर नोकरीसाठी जाण्याचा सल्ला मिळाला, तर तो सल्ला हीच धोक्याची घंटा मानावी.

फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ते मध्येच रोखण्याची शक्यता असते. संदेश, पावत्या, क्रमांक काहीही पुसू नये. ‘आम्हीच पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्या नव्या अनोळखी माणसापासून मात्र दूर राहावे.

तक्रारीला उशीर होण्याचे एक मोठे कारण घरातच असते. ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘वडील रागावतील’ या दोन भीतींपोटी मुले मोलाचे तास गप्प राहतात. ज्या घरात चूक सांगणाऱ्याला प्रथम धीर मिळतो आणि जाब नंतर विचारला जातो, तेथे नुकसान लवकर आवरते. आणि समाजाच्या गटावर नोकरीचा संदेश पुढे पाठवणाऱ्याने, जुन्या काळच्या मध्यस्थाप्रमाणे, त्याची खातरजमा स्वतः करावी. जेथे आपला शब्द खर्ची घालता येत नाही, तो संदेश पुढे न पाठवणे हीच समाजाची सेवा.