क्लच सोडत नाही? आधी नळी बघा

राजूर घाटात डाव्या पायाला उसंत नसते. मोताळ्याकडून बुलढाण्याला चढताना पुढे भरलेला ट्रक आला की पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. जुन्या गाडीचा क्लच अशाच ठिकाणी दगा देतो. पेडल पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकते, रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. मग गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट बदलायची घाई होते. खरा दोष मात्र वीतभर रबरी नळीत असू शकतो.

‘स्टँडर्ड हेरल्ड’चंच बघा. इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटलेली ही गाडी १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागली. हेरल्डचीच चासी आखूड करून इंग्लंडमध्ये १९६२ साली ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ ही स्पोर्ट्स कार निघाली. दोघींचाही क्लच हायड्रॉलिक.

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर, म्हणजे गॅरेजमधला ‘अप्पर’, ब्रेक ऑइल ढकलतो. तो दाब नळीतून गिअरबॉक्सजवळच्या ‘लोअर’पर्यंत जातो आणि क्लच सुटतो. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, बॉडी जागेवर असते. म्हणून धातूच्या पाइपाला शेवटी लवचीक नळी जोडावी लागते.

ही नळी आतून म्हातारी होते. बाहेरून धडधाकट दिसली, तरी आतलं रबर फुगून वाट अडते. कधी दाबच पुरता पुढे पोचत नाही आणि क्लच सुटत नाही. कधी दाब पुढे जातो, पण तेल परत यायला वेळ लागतो. मग पाय उचलला तरी क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि चांगली प्लेट फुकट जळते. जुनी नळी नुसती डोळ्यांनी पारखून चालत नाही, ती वयावरूनच बदलावी.

बदलताना सांध्याला दोन पाने लागतात. एकाने नळीचं षटकोनी टोक धरायचं, दुसऱ्याने पाइपाचा नट सोडायचा. नाहीतर पाइप पिळवटतो. नवी नळी आधी लोअरमध्ये बसवावी, जिथे तांब्याचा वायसर आहे तिथे तो नवा टाकावा आणि मगच वरचा सांधा आवळावा. नळी कुठेही पिळलेली किंवा सायलेन्सरच्या पाइपाजवळ नको.

मग सांधे उघडताना आत शिरलेली हवा काढणं. लोअरवरच्या हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सोडून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि पाय उचलण्याआधी निपल बंद करायचा. हा निपल लोअरच्या वरच्या बाजूला हवा. खाली राहिला तर हवा आत अडकते आणि पेडल पोचटच राहतं. मधेमधे अप्परची तेलाची टाकी भरत राहावी.

तेल सीलबंद डब्यातलंच घ्यावं. ते हवेतली ओल शोषतं: ‘डॉट ३’चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, तर ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १४० अंश. इंजिन ऑइल चुकूनही घालू नये, त्याने सिलिंडरमधली रबरं फुगतात. रंगावर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवावं.

घरी जुनी हेरल्ड असेल आणि नळी कधी बदलली ते कुणाला आठवत नसेल, तर घाटात नेण्याआधी ती बदलून घ्या.