धास्तावलेले मूल आणि वर्गशिक्षक

दार वाजताच एखादे मूल दचकते, हाक मारली तरी ओ देत नाही, अथवा क्षुल्लक कारणावरून शेजाऱ्याच्या अंगावर धावून जाते. अशा मुलास उनाड किंवा मठ्ठ ठरविण्याची घाई वर्गात नेहमी होते. वस्तुतः भीषण प्रसंगातून गेलेल्या मुलाचे शरीर प्रसंग सरल्यावरही पहाऱ्यावर असते. संकटाची चाहूल घेण्यात गुंतलेले मन पाढ्यांकडे वळत नाही आणि छडीने तर धास्तीस नवे कारण मिळते. (२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहेच.)

मराठवाड्यास याचा मोठा अनुभव १९९३ साली आला. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे १०,००० माणसे दगावली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची एकत्र सोय केली. छप्पर, सोबती आणि ठरलेला दिनक्रम यांवाचून अशा मुलाच्या हाती पुस्तक टिकत नाही.

जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावी आपत्ती बहुधा एकेका घरात शिरते. नापिकी, कर्ज, कर्त्या पुरुषाची आत्महत्या, घरातील मारहाण. हजेरीपटावर नाव तेच असते. मूल बदललेले असते. त्याला सर्वांदेखत ‘काय झाले?’ असे विचारू नये. ते आपणहून बोलले तर शांतपणे ऐकावे. खोदून विचारू नये. दिवसाचा क्रम सकाळीच फळ्यावर लिहावा, कारण पुढे काय घडणार हे ठाऊक असले की भीती उतरते. तपासणीसाठी कोणी अनोळखी माणसे यावयाची असल्यास आदल्या दिवशी सांगावे. बसावयाची जागा मुलाने स्वतः निवडावी. पोळा किंवा वडिलांचे वर्षश्राद्ध जवळ आले असता ते अधिक चिडचिडे होईल, हे ध्यानी ठेवावे. ‘माझे बाबा’ हा निबंधाचा ठराविक विषय तर अशा वर्गात शिक्षाच ठरतो. त्याऐवजी ‘माझे आवडते माणूस’ हा विषय देता येतो.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानी आल्यास ती गावात मिटविण्याचा अधिकार शिक्षकास नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. बालकांच्या मदतीसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत.

जिल्हा परिषदेच्या शाळेत एक अडचण विशेष आहे. मूल एका गुरुजींवर किंवा बाईंवर विसंबू लागते, तोच बदलीचा हुकूम येतो. आधीच एक माणूस न सांगता गमावलेल्या मुलास हे जाणे निराळे वाटावे, यासाठी त्याला तारीख अगोदर सांगावी, शक्य तर नव्या शिक्षकांची भेट घडवावी, आणि कोणत्या आवाजाने ते दचकते व कशाने सावरते एवढे त्यांच्या कानी घालून मगच कार्यभार सोडावा.