गायक वळला तर साथ वळते का?

लॅपटॉपवर वाजवणे हे वाजवणे कसले, ते तर नुसते गाणे लावणे, असा आक्षेप हमखास घेतला जातो. तो निम्मा खरा आहे, आणि कुठवर खरा आहे ते खानदेशातल्या वहीगायनावरून चांगले कळते. मुख्य गायक अहिराणीत ओळ टाकतो, साथीदार ती उचलतात, डफ त्यांच्या दमाने चालतो. श्रोते रंगले की तीच ओळ पुन्हा येते, लय चढते. अशा गायनामागे आधीच भरून ठेवलेला ट्रॅक लावला, तर ओळ परत घ्यायची सोयच उरत नाही. गायक ट्रॅकच्या मागे फरफटतो. म्हणून माझ्या लेखी कसोटी एकच: गायक वळला तर साथ वळते का?

लॅपटॉपला तसे वळवता येते. बर्लिनच्या एबलटन कंपनीने २००१ मध्ये आणलेल्या ‘लाइव्ह’ या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचे तुकडे सुटे ठेवता येतात. हवा तो तुकडा हवा तितका वेळ फिरवायचा. पुढच्याचे बटण जरा आधी दाबले तरी तो मात्रा धरूनच सुरू होतो. सूर तसाच ठेवून लय वाढवता किंवा उतरवता येते. अडचण असते ती उशिराची. लॅपटॉप आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने हाताळतो, पण ते गठ्ठ्यागठ्ठ्याने. गठ्ठा २५६ नमुन्यांचा असेल तर सुमारे ६ मिलिसेकंद जातात, १,०२४ चा असेल तर २३. हवेतून आवाजाला एक मीटर यायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे मोठ्या गठ्ठ्यावर वाजवणाऱ्याला आपलाच ठोका आठ मीटरवरून आल्यासारखा वाटतो. ब्लूटूथ स्पीकरचा उशीर तर याच्या कितीतरी पट. तेव्हा गठ्ठा लहान ठेवावा, स्पीकर तारेनेच जोडावा, आणि जळगावच्या वैशाखात यंत्र सावलीत असावे, कारण तापलेला लॅपटॉप मंदावतो आणि आवाज तुटू लागतो.

राहिला आक्षेप यंत्राच्या परकेपणाचा. तो पेटीवरही झाला होता. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये सैल झाली. पेटीचे स्वर बांधलेले, तिच्यातून मींड निघत नाही, ही तक्रार खरीच होती. तरी गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या हाती ती मराठी रंगभूमीवर कधीच रुजली होती, कारण ती गळ्याच्या मागे चालली. लॅपटॉपलाही तीच जागा शोभते. मात्र डफवाल्याची बिदागी वाचवण्यासाठी तो आणला जात असेल, तर सुरुवातीचा आक्षेप पुरता खरा ठरतो: पैसा एका कलावंताच्या ताटातून जातो आणि लय दगडासारखी होते. लॅपटॉपने गावात न मिळणारे द्यावे, व्हायोलिनचा ताफा किंवा सुराचा अखंड आधार. लय माणसाकडेच राहू द्यावी. सॉफ्टवेअरला लय सांगण्यासाठी पायाने दाबायचा स्विच मिळतो; तो डफवाल्याच्या पायाशी ठेवावा, म्हणजे त्याने लय चढवली की व्हायोलिनेही चढतील.