थंडी लक्षात ठेवणारी झाडे

मागच्या वर्षी आमच्या कांद्याला फार डेंगळे आले. डेंगळा म्हणजे कांद्याच्या मधून निघणारा फुलाचा दांडा. तसला कांदा चाळीत टिकत नाही. तो लगेच कमी भावात विकावा लागला, आणि माझी सायकल राहिली. आप्पा म्हणाले, "बियाणंच खोटं निघालं." ते दुकानदाराला खूप बोलले.

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "बियाण्याचा दोष असेलही, पण थंडीमुळेपण डेंगळे येतात." मग त्यांनी मला कॅरोलिन डीन या शास्त्रज्ञ बाईंची माहिती सांगितली.

डीनबाईंचा जन्म १९५७ साली झाला. इंग्लंडात यॉर्क येथे शिकून त्या अमेरिकेत कॅलिफोर्नियात कामाला गेल्या. तिथे त्यांनी ट्यूलिप फुलाचे कंद घेतले. त्यांना सांगितले, लावण्याआधी हे काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवा. बाईंना नवल वाटले. फुलाला थंडी कशाला हवी? १९८८ साली त्या इंग्लंडात नॉर्विच गावच्या जॉन इन्स सेंटरमध्ये आल्या आणि हाच प्रश्न त्यांनी कितीतरी वर्षे धरून ठेवला.

त्यांनी मोहरीच्या कुळातले ॲराबिडॉप्सिस नावाचे छोटे रोप अभ्यासाला घेतले. त्याच्या पेशीत फुलाला अडवणारे एक जनुक असते. त्याचे नाव एफएलसी. तो जणू राखणदारच. बर्फाच्या दिवसांत फूल आले तर ते वाया जाईल, म्हणून तो अडवतो. थंडी लागली की एकेका पेशीतला राखणदार झोपतो. जितके जास्त आठवडे थंडी, तितके जास्त राखणदार झोपतात. मग ऊन पडले तरी ते उठत नाहीत, आणि फूल येते. म्हणजे झाडाला हिवाळा लक्षात राहतो! नव्या बियांत मात्र राखणदार पुन्हा जागा होतो. या कामासाठी बाईंना २०२० साली वुल्फ पारितोषिक मिळाले.

गुरुजी म्हणाले, कांद्याचे कूळ वेगळे, त्याचा राखणदारही वेगळा. पण जाड झालेल्या रोपाला खूप दिवस थंडी लागली की डेंगळे येतात. आमची मोटार जळाली होती, म्हणून रोप वाफ्यातच जून झाले होते.

हे मी घरी सांगितले. आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "यंदा रोप वेळेवर लावू. आणि त्या दुकानदाराला मी जरा जास्तच बोललो."

मित्रांनो, तुमच्या कांद्याला डेंगळे आले तर आधी रोप किती दिवसांचे होते ते घरी विचारा.

— इयत्ता ४ थी