टीव्ही बिघडला की फाईल? : स्मार्ट टीव्हीवरील प्लेयरच्या अडचणी व उपाय

स्मार्ट टीव्ही ही आता मोजक्या घरांची मिरासदारी राहिलेली नाही. वसाहतीतील दोन खोल्यांच्या घरातही तो आला आहे. करमणुकीबरोबरच मुलांचा अभ्यास, घरातील लग्नाचे चित्रीकरण, वडीलधाऱ्यांचे मोबाइलवर टिपून ठेवलेले बोलणे हे सारे त्याच पडद्यावर पाहिले जाते. परंतु नेमक्या वेळी पडदा काळा राहतो, चित्र येते तर आवाज येत नाही, किंवा 'ही फाईल चालत नाही' एवढेच वाक्य झळकते. मग मेकॅनिकला बोलावणे होते. तो 'बोर्ड गेला' म्हणतो आणि पगारातील मोठी रक्कम दुरुस्तीत किंवा नव्या संचाच्या हप्त्यांत जाते. आमचा अनुभव असा की, अशा पुष्कळ प्रसंगी संच ठणठणीत असतो. दोष दुसरीकडेच असतो. तो कोठे आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे, हे सभासद व विद्यार्थी बंधुभगिनींना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तपासणीची रीत

बँकेत दिवसाअखेर रोकड जुळली नाही, तर आम्ही सगळी खाती एकदम उलथीपालथी करीत नाही. एकेक व्हाउचर घेतो आणि फरक कोठे पडला ते पाहतो. येथेही तीच रीत उपयोगी पडते. पडद्यावर चित्र येण्यासाठी चार कड्या जुळाव्या लागतात: फाईल, ती जिच्यात ठेवली ती पेनड्राइव्ह किंवा इंटरनेटची जोडणी, ती वाचणारा प्लेयर आणि खुद्द टीव्ही. एका वेळी एकच कडी बदलून पाहावी. त्याच पेनड्राइव्हवरील दुसरी फाईल चालते काय? चालत असेल तर टीव्ही, प्लेयर व पेनड्राइव्ह निर्दोष ठरले. दोष पहिल्या फाईलमध्ये आहे. तीच फाईल दुसऱ्या प्लेयरमध्ये चालते काय? चालत असेल तर पहिला प्लेयर अपुरा आहे. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर दुरुस्ती झाली तरी कशाने झाली ते कळत नाही.

ही तपासणी करण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. रिमोटने बंद केलेला टीव्ही बहुधा पूर्ण बंद होत नाही, तो केवळ झोपतो. भिंतीवरील बटण बंद करून एक-दोन मिनिटे थांबावे व पुन्हा सुरू करावे. बरेच दिवस अडकून पडलेला प्लेयर एवढ्यानेही मोकळा होतो.

डबा आणि डब्यातील जिन्नस

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, म्हणजे निम्मे कोडे सुटते. फाईलच्या नावाशेवटी एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय अशी अक्षरे असतात. ती केवळ डब्याची नावे होत. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहे, ते डब्यावरून कळत नाही. या पद्धतीला कोडेक म्हणतात. २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धत जवळजवळ सर्व स्मार्ट टीव्ही वाचतात. २०१३ साली आलेली एच.२६५ किंवा एचईव्हीसी ही पद्धत तोच दर्जा सुमारे निम्म्या जागेत बसवते, पण जुने संच ती वाचू शकत नाहीत. २०१८ सालची एव्ही१ ही पद्धत त्याहून नवी. म्हणून एक एमपी४ चालते आणि दुसरी चालत नाही, यात आश्चर्य नाही. डबा तोच, जिन्नस वेगळा.

मोबाइलवरील घरगुती चित्रीकरण टीव्हीवर न चालण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. २०१७ सालच्या आयओएस ११ पासून नव्या आयफोनचे चित्रीकरण एचईव्हीसी पद्धतीने होऊ लागले. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले, की पुढील नेहमीचे चित्रीकरण एच.२६४ मध्ये होते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही अशी निवड असते. जुन्या फाईलींसाठी संगणकावर 'हँडब्रेक' हा मोफत प्रोग्राम वापरून चित्र एच.२६४ व आवाज एएसी अशी एमपी४ फाईल करून घ्यावी. ही जोडी सहसा कोठेही अडत नाही. मूळ फाईल मात्र पुसू नये.

प्लेयर बदलून पाहणे

टीव्हीसोबत आलेला प्लेयर मोजकेच कोडेक जाणतो. अशा वेळी अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी हा नारिंगी शंकूच्या चिन्हाचा मोफत प्लेयर घ्यावा. पॅरिसमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून तो जन्मला व २००१ पासून सर्वांसाठी खुला झाला. बहुतेक कोडेक तो स्वतःबरोबरच आणतो. विद्यार्थ्यांच्या हातून काय घडू शकते याचे हे उदाहरणच होय.

मात्र व्हीएलसीलाही मर्यादा आहे. चित्र उलगडण्याचे काम टीव्हीतील खास चिप करते तेव्हा ते सहज होते; तेच काम साध्या प्रोसेसरवर पडले, तर मोठ्या दर्जाचे चित्र अडखळते. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' असते. चित्र अडखळत असेल तर ते सुरू आहे ना हे पाहावे. उलट चित्र हिरवे-जांभळे किंवा चौकोनी तुकड्यांचे दिसत असेल, तर ते बंद करून पाहावे.

एखादे ॲप उघडताच बंद पडत असेल, तर टीव्हीच्या सेटिंगमधील ॲपच्या यादीत जाऊन प्रथम 'क्लिअर कॅशे' करावे. 'क्लिअर डेटा' केल्यास आपले लॉगिन व सर्व निवडी पुसल्या जातात, म्हणून तो पुढचा उपाय. टीव्हीतील जागा भरलेली असेल, तर न लागणारी ॲप काढून टाकावीत. कारखान्यातील मूळ स्थितीवर आणणारे 'फॅक्टरी रीसेट' हे अगदी शेवटचे औषध समजावे.

चित्र आहे, आवाज नाही

आवाजाचेही कोडेक असतात. डॉल्बी व डीटीएस या पद्धतींसाठी उत्पादकाला परवाना घ्यावा लागतो. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलांपासून डीटीएस वगळले. त्यामुळे चित्र सुरेख आणि आवाज मुका, असे घडते. स्पीकर गेलेला नसतो. अशा फाईलमध्ये दुसरा ऑडिओ ट्रॅक असल्यास तो निवडावा, नसल्यास वरीलप्रमाणे आवाज एएसीमध्ये करून घ्यावा. बाहेरचा साउंडबार जोडलेला असेल, तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडून पाहावे. ब्लूटूथ हेडफोनवर ओठ आधी व शब्द मागून असे होते, त्याला व्हीएलसीमधील 'ऑडिओ डिले' पुढेमागे करावा.

पेनड्राइव्ह व इंटरनेट

फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एकच फाईल बसत नाही. पेनड्राइव्ह रिकामी असूनही संगणक फाईल घेत नाही, ते यामुळे. टीव्ही वाचत असल्यास एक्सफॅट किंवा एनटीएफएस वापरावे. फॉरमॅट करताना आतील सर्व मजकूर जातो, हे ध्यानात ठेवावे. मोठी हार्ड डिस्क लावल्यावर 'टक टक' आवाज करून बंद पडत असेल, तर तिला वीज कमी पडते. यूएसबी २ च्या छिद्रातून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअरच मिळतात.

इंटरनेटवरून पाहताना चित्र थांबत असेल, तर हिशोब करून पाहावा. दोन तासांचा ४ जीबीचा चित्रपट म्हणजे सेकंदाला सुमारे साडेचार मेगाबिट. जोडणी याहून बरीच वेगवान असूनही चित्र थांबत असेल, तर वायफायकडे पाहावे. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते, २.४ ची लहर संथ, पण दूर जाते. शक्य तेथे केबल जोडावी. वेग पुरेसा असूनही सगळीच ॲप 'जोडणी होत नाही' म्हणत असतील, तर टीव्हीतील तारीख व वेळ तपासावी. ती चुकलेली असेल, तर सुरक्षित जोडणी नाकारली जाते.

विद्यार्थ्यांनी आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमातील व्याख्याने उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावीत, म्हणजे इंटरनेट नसतानाही ती टीव्हीवर पाहता येतात.

मराठी अक्षरांचा प्रश्न

चित्राखालील मराठी ओळींच्या जागी चौकोन किंवा अगम्य चिन्हे दिसत असतील, तर ओळींची फाईल नोटपॅडमध्ये उघडावी. तेथे मराठी नीट वाचता येत असेल, तर 'यूटीएफ-८' निवडून पुन्हा जतन करावी. त्या फाईलचे नाव चित्राच्या फाईलसारखेच असावे व दोन्ही एकाच फोल्डरमध्ये असाव्यात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर मात्र प्रथम युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

समारोप

एवढे सर्व करूनही पडद्यावर उभ्या रेघा असतील, एकही ॲप चालत नसेल, किंवा टीव्हीचा स्वतःचा मेनूही दिसत नसेल, तर मात्र खुशाल मेकॅनिकला बोलवावे. तेव्हा आपण काय काय तपासले हे त्याला क्रमाने सांगता येईल, आणि जाणकार गिऱ्हाईकाला 'बोर्ड गेला' असे सहजासहजी कोणी सांगत नाही. अनोळखी ठिकाणाहून आणलेले ॲप मात्र टीव्हीत भरू नये. त्यातून नवा उपद्रव घरात येतो.

ही तपासणी करायला कोणतीही पदवी लागत नाही. घरातील मुलामुलींनी ती शिकावी, आईवडिलांना व शेजाऱ्यांना शिकवावी. कष्टाचा पैसा केवळ अज्ञानापोटी खर्च होऊ नये, आणि थोरांचे टिपलेले शब्द 'फाईल चालत नाही' म्हणून कायमचे पुसले जाऊ नयेत, हीच आमची कळकळीची विनंती.